तिसरा क्वार्टरबॅक हवाच

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये ५३ जणांच्या अंतिम यादीत तिसरा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ठेवणं म्हणजे जागा वाया घालवणं, असं काही जण म्हणतात. हे मत सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टी नाइनर्स संघाच्या बाबतीत तरी मला अजिबात पटत नाही.

२०२२चा ऑगस्ट आठवा. क्वार्टरबॅकमध्ये ट्रे लान्स पहिल्या पसंतीचा, जिमी गारोपोलो कमी पगारावर थांबलेला. अशा वेळी अनुभवी नेट सडफेल्डला सोडून त्यांनी ब्रॉक पर्डीला ठेवलं. ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, २६२वा, अगदी शेवटचा खेळाडू! त्याला यादीबाहेर काढून सराव पथकात घेता आलं असतं, पण मध्ये वेव्हर्सचा टप्पा असतो. दुसऱ्या कुठल्याही संघाने उचलला की गेलाच. प्रशिक्षक काइल शॅनहनने तो धोका पत्करला नाही. दुसऱ्याच सामन्यात लान्सचा घोटा मोडला, डिसेंबरात गारोपोलोचं पाऊल, आणि पर्डीने संघाला थेट एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात नेलं. तिथे फिलाडेल्फियात त्याचं कोपर दुखावलं, बदली आलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार बसला आणि चेंडू नीट फेकू शकेल असा कुणी उरलाच नाही. तो ३१-७ पराभव मला अजून सलतो.

२०२३च्या ऑगस्टमध्ये लान्सला ड्राफ्टमधल्या चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसच्या संघाला दिलं, तेही योग्यच होतं. त्याच्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या होत्या खऱ्या, पण संघातला दुसरा क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड तेव्हा त्याच्यापेक्षा सरस होता. आणि लान्स गेल्यावरही ब्रँडन ॲलनला त्यांनी तिसरा म्हणून ठेवलंच.