सॅलिस्बरी आणि आसपासची गावं, दोन दिवस, गाडीविना : सल्ला हवा

निंबोणी : आई-बाबा भारतातून आलेत, दोघंही सत्तरीचे. लंडनहून दोन दिवस सॅलिस्बरीला जायचंय. आईचा गुडघा दुखतो, बाबांना जुन्या बांधकामांची भारी आवड. मुक्काम सोडून तिघांचे मिळून दीडशे पौंड. गाडी चालवणार नाही. कॅथेड्रलशिवाय जवळचं काय बघावं?

रूळमार्ग : लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून थेट ट्रेन, साधारण दीड तास. ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून) तिकीट काढताना 'ग्रुपसेव्ह' निवडा. 3 ते 9 जण एकत्र असले की एक तृतीयांश सूट मिळते. त्यावर रेलकार्डची सवलत मात्र लागत नाही.

सारथी : सरळ गाडी भाड्याने घ्या. बाथ, विंचेस्टर, शाफ्ट्सबरी आणि स्टोनहेंज, सगळं दोन दिवसांत आरामात होतं.

दगडवेडा : बाबांसाठी सांगतो. कॅथेड्रलची मुख्य इमारत 1220 ते 1258 या काळातली, म्हणून आत एकच शैली दिसते. शिखर नंतर चढवलं : 123 मीटर, ब्रिटनमधलं सर्वांत उंच. पाया जेमतेम सव्वा मीटर, खाली नदीची खडी. शिखराचा भार आला तसे मधले खांब वाकले. चार मोठ्या खांबांपैकी एकाच्या बुडाशी उभं राहून कडेने वर नजर न्या, बाक नुसत्या डोळ्यांनी कळतो. उत्तरेच्या बाजूला जुनं घड्याळ आहे, 1386 सालचं म्हणतात. त्याला तबकडीच नाही, फक्त टोले. मॅग्ना कार्टा (1215 ची इंग्लंडच्या राजाची सनद) चॅप्टर हाउसमध्ये, म्हणजे पाद्र्यांच्या सभागृहात आहे, तिचा फोटो काढू देत नाहीत.

उंबरठा : मनोऱ्याची टूर टाळा. 332 पायऱ्या आहेत.

सारथी : +1, पायऱ्या फार आहेत. पण इतक्या जवळ जाऊन स्टोनहेंज सोडू नका! स्टेशनबाहेरूनच टूर बस मिळते.

उंबरठा : तिघांचं बस आणि प्रवेश तिकीट काढलं की बजेटचा मोठा भाग तिथेच संपतो. साध्या तिकिटावर शिळांच्या वर्तुळात जाताही येत नाही. तिथल्या उत्खननातल्या वस्तू आणि 'एम्सबरी आर्चर' या प्राचीन तिरंदाजाचा सांगाडा कॅथेड्रलसमोरच्या सॅलिस्बरी म्युझियममध्ये आहेत.

रूळमार्ग : शाफ्ट्सबरीला स्टेशन नाही, आणि तिथली गोल्ड हिल म्हणजे फरसबंदीचा खडा उतार. गुडघ्याला नकोच. विंचेस्टरला जाताना मध्ये ट्रेन बदलावी लागते. रोम्सीला थेट ट्रेन जाते. तिथलं नॉर्मन ॲबी (जुन्या मठाचं चर्च) सपाटीवर आहे, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं.

दगडवेडा : ओल्ड सॅरम, म्हणजे जुन्या सॅलिस्बरीची टेकडी, विसरू नका. आधीचं कॅथेड्रल त्या टेकडीवर होतं. पाण्याचे हाल, म्हणून शहर खाली आलं.

उंबरठा : नुसतं पाणी नव्हे. किल्ल्यातल्या शिपायांशी पाद्र्यांची सतत भांडणं व्हायची, शिवाय वर वारा भयंकर. जुन्या कॅथेड्रलचे कोरीव दगड आता क्लोजच्या (कॅथेड्रलभोवतीच्या आवाराच्या) भिंतीत बसवलेले आहेत. ते फुकटात दिसतात, टेकडीही चढावी लागत नाही.

दगडवेडा : भिंतीबद्दल सहमत. पण जुन्या कॅथेड्रलचा जमिनीवरचा आराखडा टेकडीवरच बघायला मिळतो, आणि तोही विनातिकीट. तिकीट फक्त आतल्या किल्ल्याला आहे.

सारथी : विल्टन हाउस, तो जवळचा सरदारी वाडा?

रूळमार्ग : ते उन्हाळ्यातच उघडं असतं, तेही रोज नाही. तारीख बघूनच बसमध्ये बसा. सॅलिस्बरीचा बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो, त्यातला एक दिवस साधा.

उंबरठा : क्वीन एलिझाबेथ गार्डन्समधून हार्नमच्या गिरणीपर्यंत टाउन पाथने जा. पूर्ण सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना पाणथळ कुरणं, आणि मागे वळलं की अख्खं शिखर समोर.

निंबोणी : सगळ्यांचे आभार. ठरलं : शनिवारी बाजार, कॅथेड्रल, टाउन पाथ. रविवारी रोम्सी. स्टोनहेंज, ओल्ड सॅरम आणि भाड्याची गाडी, तिन्ही रद्द. बाबा मात्र मनोरा चढणारच म्हणतात. आई तेवढा वेळ क्लोइस्टरमध्ये (कॅथेड्रलच्या ओवऱ्यांमध्ये) बसेल.

उंबरठा : मग आधी बुकिंग करा आणि सकाळची वेळ घ्या. दोन तास धरून चाला. अरुंद गोल जिने आहेत, रबरी तळव्याचे बूट हवेत. दुपार मोकळी ठेवलीत तर संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास इव्हनसाँग (गाऊन होणारी सायंप्रार्थना) ऐकता येईल, त्याला तिकीट नाही. त्या दिवसाची वेळ तेवढी बघून घ्या.