मदत हवी आहे : रविवार निवांत कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही वसईचे, आठवडाभर चर्चगेट लोकलची धावपळ. रविवारी चर्चमधला मिस्सा (सामूहिक उपासना) संपतो न संपतो तोच मुलांचे क्लास, बाजार, ऑफिसचं उरलेलं काम.

शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशूने त्यांना एकांतात विसावा घ्यायला सांगितलं (बायबल, मार्क 6:31). बायबलमधल्याच निर्गम 20 मध्ये शब्बाथाची (आठवड्यातल्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाची) विश्रांती दासदासींना, अगदी गुरांनाही आहे! मग घरातल्या बाईचा रविवार स्वयंपाकातच का संपावा? मला हे फार लागतं.

तुम्ही शनिवारीच काय काय उरकता? रविवारच्या क्लासला नकार कसा दिलात? आणि एकच छोटा उतारा सावकाश, पुन्हा पुन्हा वाचून प्रार्थना करायची मठांतली जुनी पद्धत कुणी लहान मुलांसोबत करून पाहिली आहे का? त्यांच्यासाठी येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी कोणत्यापासून सुरुवात करावी?