चौथीच्या मुलांना आपल्याकडची लोकघरे कशी शिकवावीत?

प्रश्न : प्राथमिक शिक्षिका, नागपूर

नमस्कार. मी नागपुरातील एका शाळेत चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यास शिकवते. ‘घरांचे प्रकार’ शिकवताना गेल्या आठवड्यात घडलेला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. बर्फाचे घर कोण बांधते, हे बहुतेक मुलांना ठाऊक होते. कवेलूंचा, म्हणजे छपरावरच्या मातीच्या कौलांचा, विषय निघाला तेव्हा एका मुलीने आपल्या आजीच्या घरावर कवेलू असल्याचे आनंदाने सांगितले आणि लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे कच्चे घर!” त्यानंतर तास संपेपर्यंत ती मुलगी बोलली नाही. फळ्यावर ‘कच्चे घर’ आणि ‘पक्के घर’ असे दोन रकाने मीच आखले होते, म्हणजे तो शब्द मुलांच्या हाती मीच दिला होता, याची मला फार खंत वाटते.

आपल्या भागातील घरे तशी का बांधली गेली आणि ती कोणी घडवली, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना कसे समजावून सांगावे? थर्माकोलच्या प्रतिकृती करून घेण्याची माझी इच्छा नाही.

उत्तर : निवृत्त वास्तुविशारद, धंतोली

ताई, ते दोन रकाने पुसून टाका आणि सुरुवात छपरापासून करा. मुलांना आधी एवढेच विचारा, की पावसाचे पाणी या घरावरून कुठे जाते. अकोला-बुलढाण्याकडे वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून तिथे लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काड्या अंथरून, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दाबून केलेले सपाट धाबे चालते; त्यावर धान्य वाळवता येते आणि उन्हाळ्यात रात्री झोपताही येते. गडचिरोलीकडे पाऊस १,३०० मिलिमीटरच्या पुढे जातो, तिथे असे धाबे टिकणार नाही, म्हणून छप्पर उतरते होते. कोकणात पाऊस याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असल्यामुळे छपराचा उतार वाढतो, पडवी भिंतींना सांभाळते आणि भिंती त्याच भूमीतून कापून काढलेल्या जांभ्या दगडाच्या होतात. या तीन घरांची चित्रे शेजारी ठेवली, तर कारण मुले स्वतःच शोधतील.

मात्र सगळे काही हवामानावर सोपवू नका, कारण तसे केले तर माणसे गाळली जातात. आपल्या गावांत शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याची जुनी रीत आहे. जमिनीच्या रंगावरून माणसाने पेरायचे कुठे आणि राहायचे कुठे हे ठरवले, हे या दोन शब्दांत साठलेले आहे. डहाणू-जव्हारकडील वारली घराची कुडाची, म्हणजे काठ्यांवर माती लिंपलेली, भिंत केवळ आडोसा नसते, कारण लग्नाच्या वेळी सुवासिनी त्याच भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक हे लग्नाचे चौकोनी मंगलचित्र लिहितात. आपल्या नागपुराचेच पाहा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास हे शहर वसवले आणि पुढे अठराव्या शतकात भोसल्यांबरोबर मराठी वाडा इथे रुजला. शहराच्या महाल भागातील जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा, आतला चौक आणि सागवानी खांब पाहताना मुलांना हा इतिहास सांगता येतो.

सहलीसाठी सेवाग्राम सुचवतो. नागपूरपासून ते सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला गेले, तेव्हा घरे परिसरात मिळणाऱ्या माती, बांबू आणि कवेलूंची, गावच्या कारागिरांकडून बांधून घेतली गेली. बापू कुटी ही मूळची गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची झोपडी. भिंतीवर त्यांनी मातीतून उठावाने घडवलेली ताडाची झाडे आणि चरखा मुलांना जवळून पाहू द्या. देशभर ज्यांचा शब्द मानला जात होता, त्या माणसाने मातीचे घर निवडले होते, हे त्या मागच्या बाकावरच्या मुलालाही तिथे उमगेल.

उत्तर : मूळचे गडचिरोली जिल्ह्यातील, आता मानेवाडा

सरांचे म्हणणे मला पटते. त्यात माझी एक कळकळीची विनंती जोडतो. ‘आदिवासी लोक झोपडीत राहतात’ हे वाक्य कृपया वर्गात उच्चारू नका. कुडाची भिंत करायला काय लागते, ते मुलांना सांगा. बांबू योग्य वेळी तोडावा लागतो, चिरून त्याच्या कांबी काढाव्या लागतात, त्या विणाव्या लागतात, मग माती, शेण आणि धानाची तणीस (वाळलेला पेंढा) एकत्र तुडवून दोन्ही बाजूंनी लिंपण द्यावे लागते. आमच्याकडे पुरुष विणतात, तर लिंपण आणि सारवण बायका करतात. माझ्या आईची बोटे भिंतीवरून फिरताना जी अर्धवर्तुळे उमटत, ती मला आजही दिसतात.

त्याचबरोबर खरे तेही सांगावे. वाळवी लागते. मृगाच्या आधी दरवर्षी कवेलू फेरावे, म्हणजे काढून पुन्हा नीट लावावे लागतात, आणि माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की पाच मिनिटांत शेकडो कवेलू फुटतात. हे सोसेना म्हणून माझ्या वडिलांनी टिनाचे पत्रे टाकले. त्यानंतर मे महिन्यात दुपारी घरात बसवत नाही, म्हणून ते अंगणातल्या मांडवाखाली बसतात. लोक घरे का बदलतात, हाही या पाठाचाच भाग आहे, आणि त्यासाठी कोणालाही मागासलेले म्हणण्याची गरज नाही.

त्या मुलीच्या आजींना वर्गात बोलवा, ताई.

उत्तर : पालक, प्रतापनगर

माझ्या मुलाला आम्ही सुट्टीत आजोबांकडून घरातल्या जागांची नावे लिहून आणायला सांगितले होते. ओसरी, माजघर, माळा, गोठा, परसबाग एवढे शब्द मिळाले आणि प्रत्येक शब्दाबरोबर तिथे कोण बसे, काय ठेवले जाई, याची गोष्टही मिळाली. मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, म्हणजे तान्हा पोळ्याच्या, आसपास हा अभ्यास दिल्यास मुलांना गोठ्याविषयी विचारायला निमित्तही मिळेल.

शिक्षिका, नागपूर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल त्या मुलीच्या आजींशी फोनवर बोलले. सुरुवातीला त्या संकोचल्या, “मी काय शिकवणार, बाई?” असे म्हणाल्या, पण कवेलू कसे लावतात, एवढेच दाखवा, असे सांगितल्यावर त्या पंधरा मिनिटे बोलत राहिल्या. एक रांग उताणी, तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी, म्हणजे पाणी पन्हळीतून वाहून जाते आणि फटींतून गरम हवा बाहेर पडते. शनिवारी त्या दहा-बारा जुनी कवेलू पिशवीतून घेऊन येणार आहेत. बाकांच्या दोन फळ्या तिरप्या टेकवून, वर तांब्याने पाणी ओतून पाहायचे आम्ही ठरवले आहे, आणि पहिली रांग त्यांची नातच लावणार आहे.