सोसायटीच्या ग्रुपवर 'आपल्याच लोकांकडून घ्या', नाशिककर तुमच्याकडे काय चाललंय?

इंदिरानगरी: दिवाळी जवळ आली की ग्रुपवर तोच मेसेज, पणत्या, रांगोळी, कपडे सगळं आपल्याच माणसाकडून घ्या, यंदा तर कोणीतरी दुकानांची यादीच टाकलीय. आमचा फळवाला मुसलमान आहे, आई कित्येक वर्षं त्याच्याकडूनच घेते, पपई आज कापायची की परवा हे विचारूनच देतो. शेजारच्या काकू पण घेतात पण हल्ली फळं पिशवीत तळाला आणि वर मेथीची जुडी 😀 तुमच्या एरियात खरंच गिऱ्हाईक तुटलंय की नुसते फॉरवर्ड?

मेनरोडकर: कापडाचं दुकान आहे आमचं. फरक पडतो, नाही कशाला म्हणू, पण दोन्हीकडून. ईदच्या आधीचा आठवडा आमचा ड्रेस मटेरियलचा धंदा असतो आणि त्यांच्यातही मेसेज फिरतात की ईदची खरेदी आपल्यातच करा. तरी येतात, कारण आम्ही उधार देतो. यादीवाला उधार देतो का विचारा.

खवय्या_पंचवटी: खाण्याचं वेगळं हो. मी मटण हिंदू खाटकाकडूनच घेतो, झटकाच, म्हणजे एका घावात कापलेलं, 2025 ला हिंदूंच्या झटका मटण दुकानांसाठी ते मल्हार सर्टिफिकेट आलं त्याच्या कितीतरी आधीपासून. कोणी हलाल बघून घेतं, मी हे बघून घेतो, याला लगेच बहिष्कार म्हणू नका. पण 2024 मध्ये त्र्यंबकला प्रसादाच्या हिंदू दुकानदारांना ओम प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली ते मला नाही पटलं, पेढ्यातली भेसळ दुकानदाराच्या धर्मावरून कशी कळणार? ते एफडीएचं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचं काम.

दिंडोरी_बागायतदार: शहरवाल्यांचं चालू द्या. हल्ली रमजान ऐन द्राक्षाच्या सीझनला येतो, इफ्तारला फळ लागतंच, मागणी असली की लोकल मालाला जरा बरा भाव मिळतो. आमच्याकडं येणारे व्यापारी कितीतरी बागवान, म्हणजे मुसलमान फळवाले. चेक वटला पाहिजे, बाकी काही विचारत नाही आम्ही.

जुनं_नाशिक: मला वाटतं मेसेजपेक्षा घरं जास्त कारण आहेत. भद्रकालीत होतो तेव्हा दूध बाजार दोन मिनिटांवर, शुक्रवारी दुपारी कोणाचं शटर खाली असतं ते पोरांनाही पाठ. आता पाथर्डी फाट्याला आलो, इथे फ्लॅट भाड्याने देताना आधी आडनाव विचारतात, मग खालच्या गाळ्यात सगळे एकाच प्रकारचे दुकानदार असणार नाही तर काय, निवडायला दुसरं कोणी आहेच कुठे. आणि आमच्या घरी आता निम्मं सामान ॲपवरून येतं, पॅकिंग कोणी केलं कोण बघतंय.

मेनरोडकर: ॲपचं अगदी बरोबर. आमच्याकडच्या यादीवाल्याच्या दारात रोज डिलिव्हरीवाला उभा, त्यात गिऱ्हाईक आमचंही जातंय आणि त्यांचंही.