मदत हवी आहे: श्रीवर्धनला परसात ग्रिल आणि स्मोकर बांधायचाय, चिरा चालेल का?

नमस्कार मंडळी, श्रीवर्धनला आमचं जुनं घर आहे, मागे विहिरीच्या अलीकडे साधारण १२ बाय १० फुटांची जागा रिकामी आहे, तिथे बाहेरचं स्वयंपाकघर म्हणा की मोठी चूल म्हणा असं काहीतरी करायचंय. एक कोळशाची ग्रिल, शेजारी स्मोकर (धुरावर मासे-कोंबडी शिजवायची बंद भट्टी), मधे मासे साफ करायला ओटा आणि नळ. दिवाळीनंतर काम काढायचं म्हणजे थंडीत वापरता येईल. बाबांचं मत तीन दगड मांडा आणि गप बसा, त्यामुळे त्यांना विचारण्यात अर्थ नाही.

गवंडी म्हणतोय सगळं चिऱ्यात (जांभ्या दगडात) सिमेंटने बांधू, वर आरसीसी स्लॅब टाकू आणि त्या स्लॅबवरच निखारे घाला, काही होत नाही. मला हे पटत नाहीये. चिरा पाणी धरतो, चार महिने पाऊस प्यायलेल्या दगडाला एकदम आच लागली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन कपचे उडणार, काँक्रीटचंही तेच. फायर ब्रिक (आच सोसणारी भट्टीची वीट) म्हटलं तर तो म्हणतो वीट ती वीट. माणूस कामाला पक्का आहे, सोडायचा नाहीये, फक्त त्याला नेमकं काय सांगायचं ते हवंय.

दुसरं छप्पर. निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमच्या पडवीचे पत्रे शेजारच्या सुपारीच्या वाडीत जाऊन पडले, तेव्हापासून पत्रा म्हटलं की आई नकोच म्हणते. शिवाय दिवसा वारा समुद्राकडून आणि रात्री जमिनीकडून, जेवणं तर रात्रीच होणार, मग ग्रिलचं तोंड कुठे ठेवायचं?

तिसरं स्मोकर. वेल्डर २०० लिटरचा ड्रम कापून देतोय, जाळी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) घ्या स्वस्त पडेल म्हणतो. सुरमई, बांगडे आणि कोंबडी एवढंच करायचंय. लाकूड वाडीतलंच, आंबा, पेरू, फणस, आणि काजूची टरफलं पोतंभर पडून आहेत ती चालतील का?

प्रतिसाद:
चिऱ्याचा ओटा बिनधास्त बांधा, पण विस्तव चिऱ्याला टेकता कामा नये. स्लॅबवर दोनेक इंच कोरडी रेती पसरा, त्यावर फायर ब्रिक नुसत्या मांडून ठेवा, सिमेंट नको, म्हणजे एखादी तडकली तर उचलून बदलता येते. बाजूच्या भिंतींना आतून फायर ब्रिक उभ्या, त्या मात्र फायर क्लेमध्ये (आच सोसणाऱ्या मातीत) जोडा, आणि चिरा व वीट यांच्यात इंचभर फट सोडा. गवंड्याला सांगा की साधं सिमेंट वारंवार तापलं की भुसभुशीत होतं, हे त्याला पटेल. पाऊस संपल्यावर पहिले काही जाळ अगदी बारीक करायचे, ओल निघून जाऊ दे. राखेसाठी पुढून तोंड ठेवायला विसरू नका, लोक हमखास विसरतात.

प्रतिसाद:
मी टेक्सासला असतो, इथे सगळे आडवा स्मोकर वापरतात, एका टोकाला जाळ आणि दुसऱ्या टोकाला धुराडं, लाकूड पोस्ट ओक नावाच्या तिथल्या झाडाचं. पण तुमच्या ड्रमचा पत्रा पातळ, आडवा केलात तर उष्णता टिकणार नाही, दर थोड्या वेळाने लाकूड सारत बसाल. उभाच ठेवा, तळाला कोळशाची टोपली, वर जाळी, खाली हवेला दोन-तीन भोकं आणि त्यांना झाकणं, की झालं. आच ११० ते १२० डिग्रीच्या आसपास. कोंबडी ७४ डिग्रीला आतून पोचली पाहिजे, टोचायचा थर्मामीटर घ्या, झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका. ड्रममधे आधी काय भरलेलं होतं ते विचारा, केमिकलचा असेल तर फुकट दिला तरी नको, आणि आतला रंग पूर्ण जाळून घासून काढा. जीआयची जाळी अजिबात नाही, जस्ताचा मुलामा जळतो आणि तो धूर अंगाला बाधतो. स्टेनलेस स्टीलची, एसएस ३०४ घ्या, खारी हवा आहे म्हणून ३१६ परवडली तर उत्तम.
लाकडात पेरू झकास, आंबा चालतो, पण चांगलं वाळलेलं हवं. पांढरा दाट धूर आला की मासा कडू झालाच समजा, निळसर विरळ धूर दिसला की मग मांडायचा.

प्रतिसाद:
काजूची टरफलं नको हो! त्यातलं तेल किती उग्र असतं ते कारखान्यात काम करणाऱ्या बायकांचे हात बघा म्हणजे कळेल. करवंट्यांचा कोळसा करा, आच मस्त लागते.
वारा पूर्व-पश्चिम फिरतो ना, मग तुम्ही उत्तरेला किंवा दक्षिणेला तोंड करून उभे राहाल अशी ग्रिल ठेवा, धूर आडवा निघून जाईल. ड्रमला चाकं लावा आणि वापरताना छपराबाहेर ढकला. छपराला कौलंच बरी. आणि माडाच्या खाली बांधू नका, वाळलेली झावळी निखाऱ्यावर पडली तर पंचाईत.

मूळ धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार, रेती आणि सुट्या विटांचं गवंड्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला मग स्लॅब तरी कशाला, आतून भराव घालून कोबा करू. हे चालेल का? पावसात खचेल असं वाटतंय. आणि फायर ब्रिक माणगाव किंवा महाडला कुठे मिळतील का, की मुंबईहूनच आणाव्या लागतील?