सल्ला हवा: दूध संस्थेचा फॉक्सप्रोतला जुना प्रोग्रॅम विंडोज ११ वर कसा चालवायचा?

भोगावतीकाठ
नमस्कार मंडळी. राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत अप्पा (माझे वडील) सचिव आहेत. संस्थेचा सगळा हिशेब १९९८ साली करून घेतलेल्या डॉस (विंडोजच्या आधीची, काळ्या पडद्याची प्रणाली) प्रोग्रॅमवर चालतो, फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) टाकलं की दर तक्त्यावरून रक्कम निघते. दर दहा दिवसांनी पशुखाद्य आणि अ‍ॅडव्हान्सची कपात होऊन बिलं छापली जातात. दिवाळीच्या तोंडावर फरक बिलंही तोच काढतो. लिहून देणारे गृहस्थ आता हयात नाहीत, आणि मूळ कोड आमच्याकडे नाही.

मागच्या आठवड्यात एक्सपीच्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क शाबूत आहे, फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलंय. नवीन लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. तिथे प्रोग्रॅमची एक्सई (चालू करायची फाइल) उघडली की ‘हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही’ एवढंच येतं. प्रिंटर ८० कॉलमी डॉट मॅट्रिक्स, जाड केबलवाला. लॅपटॉपला ती खाचच नाही.

अप्पा सध्या वहीत लिहून ठेवतायत. ११ ते २० तारखेची बिलं २१ ला द्यायची आहेत. नवीन सॉफ्टवेअर घ्या असं कृपया लगेच सांगू नका. तेही करू, पण या बिलांना ते पुरं पडणार नाही.

रात्रपाळी
एक्सईवर राइट क्लिक करून कंपॅटिबिलिटी मोड लावून बघितलात का? नाहीतर विंडोज १० ची ३२ बिटवाली आवृत्ती टाका, त्यात डॉसचे प्रोग्रॅम चालतात.

जुनी फ्लॉपी
ताई, कंपॅटिबिलिटी मोडच्या मागे वेळ घालवू नका. तो एक्सपी किंवा विंडोज ९५ साठी लिहिलेल्या ३२ बिट प्रोग्रॅमच्या कामाचा. डॉसचा प्रोग्रॅम चालवायला विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा भाग लागायचा. प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये असला की ज्या सोयीवर तो भाग उभा होता तीच मिळत नाही, म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये तो कधी आलाच नाही. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच निघालं. रात्रपाळी म्हणतात ते ३२ बिट विंडोज १० चालेल, पण त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पैशाचे हिशेब असलेल्या, इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर मी ते टाकणार नाही.

सगळ्यात आधी फोल्डरच्या दोन प्रती करा आणि एक घराबाहेर ठेवा. खरं धन त्या डीबीएफ फायलींमध्ये आहे, सगळ्या नोंदी त्यांत असतात. डीबीएफबरोबरच्या सीडीएक्स, आयडीएक्स (नोंदी शोधायच्या सूची, म्हणजे इंडेक्स), एफपीटी (लांब मजकूर) याही घ्या, एकही गाळू नका.

मग डॉसबॉक्स-एक्स उतरवून घ्या. तो विंडोजच्या आत एक नकली डॉस संगणक उभा करतो. फुकट आहे. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनलाय, त्यात छपाईची सोय नाही, एक्समध्ये आहे. व्हीडॉस नावाचंही एक आहे, खास अशा हिशेबी प्रोग्रॅमसाठी. एक जमलं नाही तर दुसरं.

प्रोग्रॅम पूर्वी सी ड्राइव्हवर कुठे होता ते अप्पांना विचारा. समजा सी-मध्ये ‘दूध’ नावाच्या फोल्डरमध्ये होता. असे प्रोग्रॅम बऱ्याचदा तोच पत्ता आत कोरून ठेवतात. म्हणून लॅपटॉपवर एक रिकामं फोल्डर करा, ‘दूध’ त्याच्या आत ठेवा, आणि माउंट करताना (म्हणजे डॉसबॉक्सला कुठलं फोल्डर ड्राइव्ह म्हणून दाखवायचं ते सांगताना) बाहेरचं फोल्डर सी म्हणून द्या. आतलं फोल्डर माउंट केलंत तर प्रोग्रॅमला आपल्याच फायली सापडणार नाहीत. लॅपटॉपची खरी सी ड्राइव्ह तर कधीच माउंट करू नका.

सुरू होतानाच भागाकाराची एरर आली तर घाबरू नका. वेगवान प्रोसेसरवर फॉक्सप्रो २.६ ला ही जुनी खोड आहे. डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये सायकल्स (नकली प्रोसेसरचा वेग) कमी केल्या की जाते.

एक गोष्ट अप्पांना हात जोडून सांगा: प्रोग्रॅममधून मेनूनेच बाहेर पडायचं. वरच्या फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केली तर शेवटच्या नोंदी डिस्कवर न उतरता जाऊ शकतात.

पाऊसपाणी
छपाईबद्दल लिहिते, कारण आमच्या पतसंस्थेत मी याच्यातच चार दिवस घालवले. यूएसबी-पॅरलल केबल बाजारात मिळते, पण ती लावली म्हणून एलपीटी १ (डॉसचे प्रोग्रॅम ज्यावर छापतात तो जुना प्रिंटर पोर्ट) तयार होत नाही. विंडोजला ती साधा यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते. ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर टाका, प्रिंटर शेअर करा. डॉसबॉक्स-एक्सच्या सेटिंगमध्ये पॅरलल पोर्टचं आउटपुट फाइलमध्ये घ्या. मग ती फाइल कॉपी कमांडने, स्लॅश बी लावून (म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते), शेअर केलेल्या प्रिंटरच्या नावावर पाठवा.

नोटपॅडमधून छापू नका. जुने प्रोग्रॅम बिलाच्या सुरुवातीला १५ नंबरचा कोड पाठवतात, तो प्रिंटरला ‘अक्षरं बारीक कर’ सांगतो. त्यामुळे ८० च्या जागी १३७ च्या आसपास अक्षरं ओळीत बसतात. नोटपॅडमध्ये तो कोड वाया जातो, अक्षरं जाड येतात आणि ‘निव्वळ देय’चा रकाना खालच्या ओळीवर जातो.

रात्रपाळी
एक्सपीच व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं तर?

जुनी फ्लॉपी
होतं की. तुमच्याकडे एक्सपीचा लायसन्स हवा, आणि त्या एक्सपीला इंटरनेट देऊ नका, त्याचा सपोर्ट २०१४ सालीच संपलाय. पण एका डॉस प्रोग्रॅमसाठी अख्खं घर बांधल्यासारखं होईल. विंडोजचे जुने १६ बिट प्रोग्रॅम असतील किंवा यूएसबी लॉक (ज्याच्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नाही अशी किल्ली) असेल तर मात्र तोच रस्ता.

ताळेबंद
पुढची सोय आत्तापासून बघा. डीबीएफ लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सरळ उघडतात. सभासद यादी, वर्षभराचं दूध, येणी, सगळं दिसेल, आणि नवीन सॉफ्टवेअरवाल्याला ते तयार देता येईल. मात्र उघडायची ती प्रतच. कॅल्कमधून मूळ डीबीएफवर सेव्ह केलं तर रकान्यांची मापं बदलू शकतात, आणि इंडेक्सला त्याचा पत्ताही नसतो. मग बिलात एका सभासदाचं दूध दुसऱ्याच्या नावावर दिसायला वेळ लागत नाही.

भोगावतीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री डॉसबॉक्स-एक्समध्ये चालू झाला. फुलीची सूचना अप्पांनी चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवली.

पहिलं बिल नेमकं पाऊसपाणी म्हणाल्या तसं आलं, जाड अक्षरात आणि मोडकं. केबलला विंडोजने स्वतःहूनच वेगळा ड्रायव्हर लावला होता. तो काढून टेक्स्ट ओन्ली टाकला, स्लॅश बी लावला, आणि सभासद क्रमांक १ चं बिल एका ओळीत, निव्वळ देयसकट, बाहेर आलं. अप्पांनी ते वहीतल्या बेरजेशी ताडून बघितलं, पैशापर्यंत जुळलं.

वहीतल्या दिवसांच्या नोंदी आता आम्ही दोघं मिळून भरतोय. मी वाचते, ते टाकतात. ताळेबंद, २१ तारीख झाली की सभासद यादीबद्दल इथेच विचारते.