मदत हवी आहे: दोन धातूंचं स्मृतिपदक, मधली चकती खरंच चांदीची आहे का?

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या डब्यातलं एक पदक आता माझ्याकडे आलंय. बाहेर पितळी रंगाची कडी, आत पांढऱ्या धातूची चकती. ‘मधली चकती चांदीची आहे’ हे घरात लहानपणापासून ऐकत आलो. आजोबा आता नाहीत आणि पदकासोबत कागदाचा चिटोराही नाही.

एका बाजूला दीपगृह आहे, त्याचे किरण चकतीतून निघून थेट कडीवर गेलेत. दुसऱ्या बाजूला एका वेलीची पानं चकतीवरून कडीवर पसरलीयेत आणि खाली १९३५–१९८५. मूल्य लिहिलेलं नाही, काढणाऱ्या संस्थेचं नावही नाही. पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवलं की दोन्ही बाजू सुलट दिसतात, म्हणून मी याला टोकन न म्हणता पदक म्हणतोय. बरोबर आहे ना? आणि १९८५ साली असं द्विधातू काम होत होतं का?

व्यास ३४ मिमी, चकती २२ मिमी, वजन १८.६० ग्रॅम. चुंबकाला कुठलाच भाग चिकटत नाही. काल पाण्याचा पेला काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि पदक दोऱ्याने बांधून, तळाला टेकू न देता बुडवलं. काट्याने २.१५ ग्रॅम दाखवले. हे पदकाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजे घनता (१८.६० भागिले २.१५) साधारण ८.६५. चांदीची १०.५, पितळेची ८.५च्या आसपास. दोन धातू एकत्र असताना या आकड्याचा अर्थ कसा लावायचा, इथेच अडलोय.

दुसरी गोष्ट जास्त खातेय. भिंगातून पाहिलं तर सांध्यापाशी प्रत्येक किरण केसभर तुटलेला दिसतो, जणू चकती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरलीय. ओळखीतले एक जण म्हणाले, ही छपाईची चूक, दुर्मीळ आहे, जपून ठेव. मला तेवढी खात्री वाटत नाही. सांध्यात हिरवट रेघही आहे. अजून काहीही घासलेलं नाही.

प्रतिसाद:

घासलं नाहीत, फार चांगलं केलंत. एकदा झिलई गेली की ती परत आणता येत नाही.

आधी चांदीचं बघू. चकती एकूण क्षेत्रफळाच्या सुमारे ४२ टक्के आहे. जाडी सारखी धरली तर चांदीची चकती आणि पितळेची कडी मिळून घनता ९.३च्या आसपास यायला हवी. तांबे-निकेलची चकती (८.९) असेल तर ८.६७ येते. तुमचं मोजमाप त्यालाच जुळतं. भरीव चांदी नाही, हे वाईट वाटलं तरी स्वीकारा.

तंत्राची शंका नको. इटलीचं ५०० लिराचं द्विधातू नाणं १९८२ मध्ये चलनात आलं आणि रोमन काळातही दुसऱ्या शतकात तांबं-पितळेची पदकं बनत होती. मात्र दोन्ही बाजू सुलट असणं ही पदकाची खूण पुरेशी नाही. युरो आणि ब्रिटिश नाणीही तशीच छापतात. वस्तूच्या बदल्यात ते कुठे चालत होतं का, यावर टोकन ठरतं.

आता किरण. नाण्यात कडी आणि चकती एकाच ठोक्यात जोडली आणि छापली जातात, धातू सांध्यात दबून बसतो. त्यामुळे सांधा ओलांडणारी रेघ सलगच हवी. ती तुटली असेल तर चकती नंतर निघून परत बसवलीय, किंवा दोन्ही भाग वेगळे छापून मग दाबून बसवलेत. मागची बाजू बघा: पूर्ण चकती फिरली असेल तर तिथे सरक उलट्या दिशेला दिसेल. सांध्यात ताजे ओरखडे असतील तर कुणीतरी ती ठोकून काढली होती.

हिरवट रेघ ओलाव्यामुळे असावी. दोन धातू एकमेकांना लागून असले की सांधाच आधी गंजतो. कोरड्या जागी ठेवा, पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नको.

धागाकर्ता:

मागच्या बाजूला पानं खरंच उलट्या दिशेला सरकलीयेत, आणि सांध्याला दोन ठिकाणी चकचकीत ओरखडे आहेत. म्हणजे चकती कुणीतरी काढली होती. चांदी आहे का हे बघायला आजोबांनीच काढली असेल का, हा विचार डोक्यातून जात नाही. पदक माझ्याकडेच राहील. दीपगृहाच्या पायथ्याशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं एक उठावाचं अक्षर आहे, ते ठसा कोरणाऱ्याचं की टाकसाळीचं, हे कसं ओळखायचं?